सात नंबरची राख

शगितू इमारतीच्या फाटकातून बाहेर पडली आणि पुढ्यातल्या फळीवर तिचा पाय पडला तेव्हा फळी जराशी दबली. झालं ते एवढंच. कालपर्यंत तिथे फळी नव्हती. नळाचे पाइप टाकायला काल दुपारपासून चर खणत होते आणि रहिवाशांच्या सोयीसाठी त्यावर ती टाकून दिली होती. फळी दबली म्हणून तिने खाली पाहिलं. चराच्या तांबड्या भिंतीत, हातभर खोलीवर, बोटाएवढ्या जाडीची पांढुरकी रेघ होती. कोपऱ्यावर अरात किलो चौकाकडे जाणाऱ्या मिनीबस टॅक्सीसाठी रांग लागलेली, खांद्यावरच्या पिशवीत शिरोच्या पिठल्याचा डबा कललेला. तरी ती फळीवरून मागे आली, चराच्या कडेला उकिडवी बसली आणि हात लांबवून त्या रेघेतली चिमूटभर माती तिने दाढेखाली घातली. कचकच. साधी माती दाताखाली विरून जाते, ही विरत नाही, कारण हिच्यात काच असते, कधी काळी कुठल्या तरी डोंगराने आभाळात फेकलेली बारीक काच. गेली तेवीस वर्षं शगितू या काचेचेच कण निवडत आली होती, पण ते प्रयोगशाळेत, खिडकीशी बसून, सूक्ष्मदर्शकाखाली. दाताने राख ओळखून किती वर्षं झाली हे तिला आठवेना, आणि आठवत नाही याचंच तिला कसंसं वाटलं.

"न्याहारी झालेली दिसत नाही, इतिये," खालून कुणीतरी थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणालं. चरात छातीपर्यंत बुडालेली एक बाई फावड्यावर रेलून तिच्याकडे बघत होती. डोक्याला फडकं, कपाळावर मातीचा पट्टा.

"राख आहे ही," शगितू म्हणाली. "ज्वालामुखीची."

"असेल बाई. पण ती रेघ बघू नका, ती खोटी आहे." बाईने फावड्याचं टोक वर नेऊन गवताच्या मुळांखालची दुसरी फिकट रेघ दाखवली. "खरी ही. काल संध्याकाळी वरची कड घसरली ना, तिच्यातलं ते ढेकूळ खाली येऊन भिंतीला असं चिकटलंय की जन्मापासून तिथलंच वाटावं. मी खणलंय, म्हणून मला माहीत. तुम्ही वरून बघणार, तुम्हाला कसं कळणार?"

शगितू उठली, तिने हात झटकले, बाईला बरं म्हटलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. टॅक्सीत तिला खिडकीशी जागा मिळाली. बाहेर नेहमीचं सगळं होतं, अर्धवट बांधलेल्या इमारतींचे निलगिरीच्या वाशांचे पिंजरे, बूटपॉलिशवाले, भाजलेले जव कागदाच्या पुड्यांत विकणाऱ्या बायका. पण दाढेत अडकलेला एक कण तिच्या जिभेला पुन्हा पुन्हा लागत होता आणि दर वेळी कोणीतरी कानाशी म्हणावं तसं तिला ऐकू येत होतं, वरून घसरलेलं ढेकूळ. वरून घसरलेलं. अरात किलो आलं तरी तिचं लक्ष नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "आला तुमचा स्टॉप, झोपलात का?" तेव्हा तिला उठायलाही क्षणभर लागला, कारण ती त्या वेळी टॅक्सीत नव्हतीच, ती कोराटीच्या घळीत उभी होती, वय वर्षं बावीस, हातात चाकू, पायांशी पावाएवढं एक पांढरं ढेकूळ.

कोराटी तिचं गाव, आणि हारो दिमतू हे त्या गावचं तळं. तळ्याच्या वरच्या अंगाला जमीन चिरत गेलेली एक घळ आहे, पाच-सहा पुरुष उंचीची. तिच्या भिंतीत तळ्याचा सगळा गाळ एकावर एक रचलेला दिसतो. तळं कधी वर चढलं, कधी आटलं, हे त्या भिंतीत लिहिलेलं आहे. फक्त कधी, ते गाळ सांगत नाही. ते राख सांगते. डोंगर फुटला की त्याची राख दोन-चार दिवसांत सगळीकडे पडते, पाण्यावर आणि रानावर सारखीच. पाण्यात पडलेली स्वच्छ, चाळून ठेवल्यासारखी तळाला बसते. रानात पडलेली गवताच्या मुळांत, किड्यांच्या बिळांत मिसळून मळते. म्हणून एका राखेचं वय कळलं की त्या दिवशी इथे पाणी होतं की कोरडं होतं हे सांगता येतं. हे तिला शिकवलं विद्यापीठातल्या वोंदिमू सरांनी, ज्यांना सगळे आदराने गाशे म्हणत. आणि ती घळ गाशे वोंदिमूंना दाखवली तिने. आमच्या गावाशी एक भिंत आहे, तिच्यात पांढऱ्या रेघा आहेत, असं पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावरून उठून ती बोलली होती आणि वर्ग तिच्या बोलीला हसला होता. गाशे हसले नव्हते. ते म्हणाले होते, "किती रेघा? मोजल्यास का?" तिने मोजल्या होत्या. गुरं राखताना मुली दुसरं काय करणार.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर दहा दिवसांपासून एक अहवाल पडून होता. खोऱ्यातल्या पाण्याची वाटणी करणाऱ्या कार्यालयाने तो आकडे तपासायला पाठवला होता आणि ती तो रोज उद्यावर ढकलत होती. कामाचा ताण आहे म्हणून, असं ती स्वतःला सांगत असे. आज तिने तो उघडला आणि सरळ एकोणचाळिसाव्या पानावर गेली, म्हणजे काय आहे आणि कुठे आहे हे तिच्या हाताला आधीपासून ठाऊक होतं. 'मागील वेळी हारो दिमतू पूर्णपणे आटल्यानंतर पाणी परत येण्यास सुमारे अडीच हजार वर्षे लागल्याचे राखेच्या थरांवरून सिद्ध झाले आहे. सबब सध्याची घट ही नैसर्गिक व अपरिवर्तनीय समजून नदीचे सर्व पाणी वरच्या बाजूच्या शेतीस देण्यास व काठावरील तीन वस्त्या हलविण्यास हरकत नसावी.' खाली बारीक अक्षरात आधार दिला होता. नमुना क्रमांक सात, कोराटी घळ, जागेवरून.

जागेवरून, म्हणजे थेट भिंतीतून काढलेला, हा शब्द तिचा होता. त्या दिवशी दुपार कलली होती. गाशे वर गाडीपाशी उभे राहून प्रकाश जातोय म्हणून ओरडत होते. सहा नमुने झाले होते. सातवी राख, तीच सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिच्या खाली भेगाळलेली कोरडी जमीन होती आणि वर पुन्हा तळ्याचा गाळ. ती कधी पडली हे कळलं की पाणी कधी परतलं हे कळणार होतं. पण ती राख तिच्या डोक्याच्या बरीच वर होती आणि तिच्यावर भिंतीचं पोट पुढे आलेलं होतं. शगितू दोनदा चढली. दोन्ही वेळा वरून खडे कानाजवळून गेले आणि ती घाबरून खाली उतरली. तिसऱ्यांदा ती चढली नाही. पायांशी एक ढेकूळ पडलं होतं, पांढरं, स्वच्छ. तिला वाटलं, त्याच थराचं असणार, दुसरं कुठलं असणार? तिने त्याचा मधला भाग कापून पिशवीत भरला, पिशवीवर सात लिहिलं, आणि वहीत जागेवरून की पडलेला या दोन शब्दांतला एक निवडायचा होता तिथे पहिला लिहिला. पेन्सिलीने. पुढे दीड वर्षाने परदेशातून वय आलं, गाशेंनी तळ्याच्या चढउताराची रेषा काढली, ती छापून आली, आणि तिच्यात तो लांबलचक सपाट तुकडा होता, अडीच हजार वर्षांचा. गाशे वर्गात म्हणायचे, ही शगितूची राख. पोरं मागे वळून तिच्याकडे बघायची. ती खाली बघायची, आणि सगळ्यांना वाटायचं मुलगी विनयशील आहे.

त्यानंतर ती घळीत कधी गेली नाही. कधी पाठदुखी, कधी सासूचं आजारपण, पुढे नवरा परदेशी गेला आणि तिकडचाच झाला ते निस्तरणं. दर वेळी खरं कारण होतं, आणि प्रयोगशाळेत निवडण्यासारखे कण कायम पडलेले असत. लोक म्हणायचे, शगितूसारखे स्वच्छ कण कोणी निवडत नाही. इतकी वर्षं आपण नेमकं काय निवडत बसलो होतो, असं आता तिच्या मनात आलं आणि तिने ते तिथेच थांबवलं, कारण तो विचार पुढे नेला असता तर तिला रडू आलं असतं, आणि रडण्याने काहीच कळणार नव्हतं. ढेकूळ चुकीचं होतं हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. कदाचित ते त्याच थराचं असेल. कदाचित अडीच हजार खरंच असतील, तळं खरंच जाणार असेल, तिच्या वडिलांची वस्ती उठणारच असेल, आणि ती फुकट स्वतःची आणि गाशेंची अब्रू घालवायला निघाली असेल. हे तिला सर्वांत वाईट वाटलं, की तिला काहीच माहीत नव्हतं.

दुपारी ती गाशे वोंदिमूंच्या घरी गेली. त्यांची मुलगी मेस्केरेम व्हरांड्यात कॉफी भाजत होती. गाशे भिंतीला टेकून उन्हात बसले होते. काचबिंदूने त्यांचे डोळे चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते दिवसभर उन्हाबरोबर खुर्ची सरकवत असत.

"चालण्यावरून शगितू," ते म्हणाले. "आणि आज चपला घासत चालते आहेस, म्हणजे काहीतरी बिनसलंय."

तिने सांगितलं. आधी ती गोल गोल बोलली, मग अहवालाचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं, मग घळ, भिंतीचं पोट, ढेकूळ, पेन्सिल. कॉफीच्या बिया करपल्याचा वास आला.

"जागेवरून असं लिहिलंस," गाशे शेवटी म्हणाले.

"हो."

"त्या शब्दावर मी अकरा वर्षं शिकवलं. भाषणं दिली. माझ्याहून शहाणी माणसं तेव्हा म्हणत होती, वोंदिमू, एवढी लांब कोरड पटत नाही; त्यांना मी काय सांगितलं ठाऊक आहे? माझ्या विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने काढलेला नमुना आहे, ती त्या मातीत वाढलीय, तिच्यावर शंका घेऊ नका." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली खाली गेला. "फासिकेचे तेवीस सण गेले. दर फासिकेला तू माझ्यासाठी पाव घेऊन इथे बसतेस."

"गाशे, मी..."

"जा आता. कॉफी घेऊ नकोस. जा."

ती गेली. मेस्केरेम फाटकापर्यंत आली आणि तिने शगितूच्या खांद्यावरची शाल सारखी केली. त्यानंतरचे चार दिवस शगितूने कसे काढले हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. कार्यालयाला तिने पत्र लिहिलं की नमुना सातवर विसंबू नये, तो पुन्हा घ्यावा लागेल, चूक माझी आहे. विभागप्रमुखांनी ते वाचून विचारलं, "चूक विभागाची म्हटलं तर नाही का चालणार? शेवटचं वाक्य जरा बोचतं." ती म्हणाली, "बोचू दे." एवढं बोलून बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं तितकं भयंकर काही वाटलं नाही. पायांत जोर होता. भूक लागली होती. कित्येक वर्षांत दुपारच्या वेळी अशी कडकडून भूक लागली नव्हती, आणि ती चौकातल्या खानावळीत एकटीच बसून मसुरीच्या वोत-कालवणाबरोबर इंजेराची अख्खी आंबूस पोळी जेवली, बोटं चाटून. आणि मग पुन्हा तेच, गाशेंचा खाली जाणारा आवाज, करपलेल्या कॉफीचा वास. पाचव्या दिवशी सकाळी मेस्केरेमचा फोन आला.

"आबाये विचारतायत," ती वडिलांबद्दल म्हणाली, "घळीत जायला कुठले बूट घालायचे."

शगितू पलंगाच्या कडेला बसली.

"ऐकते आहेस ना?" मेस्केरेम म्हणाली. "रागावलेलेच आहेत, तू उगाच खूश होऊ नकोस. पण काल रात्रभर जेवणाच्या टेबलावर उशा रचून त्यांनी मला ती भिंत समजावली. वरची उशी म्हणजे तू घाबरलीस ती जागा. मला झोप हवीय, शगितू. गाडी मी चालवते, तू त्यांना घेऊन चल."

मोजो, मेकी, बातू, एकेक गाव मागे पडलं. रस्ता तोच होता, दुतर्फा शेतीची काचघरं मात्र नवीन. गाशे पुढच्या सीटवर बसून वासावरून गावं ओळखत होते आणि शगितूशी अवाक्षर बोलत नव्हते. कोराटीला पोचले तेव्हा तिचे वडील तुफा काठीवर दोन्ही हात ठेवून दारात उभे होते. त्यांच्यामागे गोठा होता आणि त्यात एकच गाय होती. बाकीच्या कुठे गेल्या हे शगितूने विचारलं नाही. वस्ती हलणार म्हणून भावांना वाटून टाकल्या, शाशेमेनेला धाकट्या काकाकडे जायचं ठरतंय, हे ते तिला फोनवर सांगून चुकले होते, आणि ती बरं म्हणाली होती. त्या बरं म्हणण्याचीही तिला आता लाज वाटली.

तुफांनी गाशेंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमचे डोळे गेले, माझं तळं गेलं," ते म्हणाले. "आता बरोबरी झाली. नाहीतर मागच्या खेपेला तुम्ही मला फार शिकवत होता."

"मागच्या खेपेला मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, तुफा," गाशे म्हणाले. "तुमच्या मुलीला विचारा."

"मुलगी सांगेल तेव्हा सांगेल. आधी दूध घ्या. गाय एकच आहे, पण ती तुमच्यापेक्षा जुनी नाही."

तळ्याकडे शगितूने दूध पिताना एकदाच पाहिलं. लहानपणी दारातून दिसायचं ते पाणी आता क्षितिजाशी चंदेरी दोऱ्यासारखं उरलं होतं आणि मधल्या सपाटीवर मिठाचे पांढरे पट्टे होते. तिची आई, आयो, असताना संध्याकाळी दारात उभी राहून म्हणायची, आज तळं रागावलंय, आज तळं झोपलंय. आयो गेली त्या वर्षी पाणी अर्ध्या तासावर होतं. आता दोन तास चालावं लागे. शगितूच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं या सगळ्याकडे राखेच्या बाजूने पाहिलं, दाराच्या बाजूने कधी पाहिलंच नाही.

घळीत ऊन तिरपं उतरलं होतं. भिंतीचं पोट अजून तिथेच होतं, थोडं झिजलेलं. गाशेंना खाली तिपाईवर बसवलं. मेस्केरेमने शिडी धरली, तुफांनी गुरांचा दोर आणला होता त्याचं एक टोक शगितूच्या कमरेला बांधलं आणि दुसरं वरच्या बाभळीच्या बुंध्याला वेढे देऊन स्वतःच्या मुठीत धरलं. "मी म्हातारा झालोय, पण बाभूळ भक्कम आहे," ते वरून म्हणाले. ती चढली. आधी खालच्या राखा ओळखीच्या खुणांसारख्या एकेक गेल्या. मग भेगाळलेली जमीन आली. भेगांत वाळू भरलेली, मुळांच्या बारीक नळ्या, एक कुठलंसं बीळ. भीती वाटत होती आणि ती भीतीसकट चढत होती. तिने भिंतीत पायापुरत्या खाचा पाडल्या, कुदळीने पुढचा सैल पापुद्रा काढला, आणि आत, जिथे ऊन कधी पडलं नव्हतं तिथे, राख होती. करडी, जरा भरड, मुळांनी खालून पोखरलेली. तिच्या वर चार बोटं मळकट माती, आणि त्यावर थेट तळ्याचा मऊ हिरवट गाळ. त्या गाळाच्या पहिल्याच पापुद्र्यात तिच्या नखाला काहीतरी टोचलं. माशाचा काटा होता, पापणीच्या केसाएवढा.

"फक्त चार बोटं," ती खाली बघून म्हणाली. "गाशे, मध्ये फक्त चार बोटं माती आहे आणि मग मासे."

"दे," गाशे म्हणाले. तिने राखेचा तुकडा टोपलीतून खाली सोडला. त्यांनी तो बोटांत चुरला, जिभेवर ठेवला, दातांत फिरवला. मेस्केरेमने पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांनी हाताने बाजूला सारली. "ही भरड आहे. कणी मोठी आहे हिची. तुझं ढेकूळ पिठासारखं होतं."

"तुम्हाला आठवतं?"

"पिशवी उघडून मी तेव्हाही चाखली होती. वाटलं होतं, ही इतकी मऊ कशी?" त्यांनी तळहातावरची राख झटकली. घळीत कुठेतरी कबुतर घुमत होतं. "विचारलं नाही मी तुला. मला उशीर होत होता, आणि पुढे आकडा मला हवा तसा आला. लिहून ठेव हे. तुझ्या त्या पत्रात फक्त तुझंच नाव आहे असं कानावर आलंय. तेवढा मोठेपणा तू एकटीने घ्यायचं कारण नाही."

भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला, दोरीच्या वळाशेजारी, पिठासारख्या मऊ राखेची एक रेघ तिला उतरताना दिसली. तिच्या डोक्याच्या तेव्हा चार माणसं वर असलेली. ढेकूळ तिथून आलं होतं. म्हणजे ते नंतरचं होतं, खूप नंतरचं, आणि तिने दोन वेगवेगळ्या काळांमधलं सगळं अंतर एका शब्दाने कोरडं करून ठेवलं होतं. तिला वाटलं होतं की हे कळेल त्या क्षणी आपण कोसळू. ती फक्त शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने पाणी मागितलं.

नवे नमुने गेले, या वेळी तीन, आणि प्रत्येकासोबत तो काढतानाचे फोटो. वय यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत कार्यालयाने अहवाल रद्द केला नाही, पुढेही रेटला नाही. तो कुठल्याशा कपाटात थांबून राहिला. शगितू दर शनिवारी गाशेंकडे जाई, त्यांना नवीन लेख वाचून दाखवी, आणि कधी कधी ते मध्येच म्हणत, "हे पुन्हा वाच, यात कोणीतरी घाई केलीय." ते पूर्वीसारखे हसत नव्हते. पण कॉफी मिळत होती, एकाच भुकटीच्या तीनही उकळ्यांची, शेवटच्या पातळ कपापर्यंत. पत्र आलं ते मंगळवारी. कोरड अडीच हजार वर्षांची नव्हतीच. दोनशे वर्षांची होती, चाळीस इकडे किंवा तिकडे. तिने तो आकडा गाशेंना फोनवर सांगितला. मग गाशे म्हणाले, "आता गावाला सांगायला जा. तूच जा. तुझ्या बोलीत सांग."

सभा कोराटीच्या मोठ्या उंबराखाली भरली. कार्यालयातला एक अधिकारी आला होता, तरुण, सभ्य, वहीत सगळं टिपून घेणारा. तिन्ही वस्त्यांची माणसं आली होती आणि बायका एका अंगाला दुधाच्या तुंब्या घेऊन बसल्या होत्या. गाडी चालवून शगितूला आणणारी मेस्केरेम त्यांच्यातच बसली. शगितू उभी राहिली. आपण पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिने आठवडाभर घोकलं होतं, पण बोलली ते वेगळंच. "मी तुफाची शगितू. तेवीस वर्षांपूर्वी मी या घळीत घाबरले आणि वहीत खोटं लिहिलं. त्यावरून कागद झाले, आणि त्या कागदांवरून तुम्हाला उठवायचं ठरत होतं." मग तिने राखा सांगितल्या, खालून वर, आणि काटा सांगितला, आणि दोनशे सांगितले. तिने शिव्यांची वाट पाहिली. मागून एक म्हातारी म्हणाली, "घाबरली तर घाबरली. ती भिंत आहेच तशी, माझा बोकड तिथेच मेला," आणि बायकांत खसखस पिकली.

अधिकाऱ्याने वहीतून मान वर केली. "पण बाई, पहिला आकडाही तुमचाच होता. दुसऱ्यावर आम्ही विश्वास का ठेवावा?"

"पहिला आला तेव्हा कोणीतरी हे विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "आता विचारताय ते बरं आहे. घळ इथून अर्ध्या तासावर आहे. मी पायऱ्या पाडून ठेवल्यात. चला, हात लावून बघा."

तो क्षणभर आपल्या बुटांकडे बघत राहिला, मग उठला. त्याच्यामागे सगळी सभा उठली. घळीत रांग लागली, एकेक जण वर चढून करड्या राखेवर बोट ठेवी, मग चार बोटं मोजी, मग हिरव्या गाळावर, आणि खाली उतरून पुढच्याला जागा देई. अधिकारी दोनदा चढला. खाली आल्यावर तो म्हणाला की अहवाल पुन्हा लिहावा लागेल, आणि तो होईपर्यंत दोन हंगाम नदीचं निम्मं पाणी खाली सोडावं असं तो लिहून देईल. "निम्मंच. पुढचं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "आणि खरं सांगा, बाई, पाणी सोडलं तर तळं येईल परत?"

"ते मला माहीत नाही," शगितू म्हणाली. "त्या वेळी वर कोणी पाणी अडवलेलं नव्हतं. मला एवढंच माहीत आहे की ते परत येऊ शकतं. ते येत नाही, असं आता कोणाला म्हणता येणार नाही."

तुफा घळीच्या काठावर बाभळीला टेकून उभे होते. वर चढणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शगितूने दोन्ही थरांचे तुकडे त्यांच्या तळहातावर आणून ठेवले. त्यांनी ते बोटाने चाचपले.

"दोनशे म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. "मला वर्षं सांगू नकोस. माणसं सांग."

"आठ, आब्बो. जेमतेम आठ पिढ्या."

"आठच?" त्यांनी मान हलवली. "अडीच हजार म्हणाले होते तेव्हा मी मोजायलाच गेलो नाही. तेवढी नावं कुणाला येतात? पण आठ मला पाठ आहेत. आमच्यातल्या कुठल्याही पोराला पाठ असतात." मग त्यांनी तुकडे मुठीत धरले, डोळे मिटले आणि पूर्वजांची नावं म्हणायला सुरुवात केली, लहानपणी ती झोपताना ऐकायची त्याच चालीवर. फक्त ते नेहमी स्वतःच्या नावापासून सुरू करत, मग बापाचं, आज्याचं, असे मागे मागे जात. आज त्यांनी आधी श्वास घेतला आणि म्हणाले, "शगितू." मग, "तुफा. एदाओ. बाती. गोबू." खाली रांगेतली माणसं वर बघू लागली आणि त्यांच्यातले म्हातारे त्यांच्याबरोबर म्हणू लागले, "जिलो. हिर्पो. सांबो. रोबा," आणि रोबाच्या नावाशी, शगितूच्या मागच्या आठव्या पिढीशी, तुफा थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि मेस्केरेमला म्हणाले की तुम्ही परत जाताना शाशेमेनेच्या रस्त्याने जा, माझ्या भावाला सांगा, तुफा येत नाही, आणि त्याच्याकडच्या तीन गाई तो पाठवणार असेल तर या आठवड्यातच पाठवू दे.